ग्रामपंचायतीच्या पैशाचा अभ्यास कसा करावा: नमुना 8 पासून ग्रामसभेपर्यंत

राज्याचं बजेट सादर झालं की पारावर दोन दिवस चर्चा रंगते. त्याच पारापासून शंभर पावलांवरच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक किती रकमेचं आहे, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. कधी कधी सदस्यांनाही येत नाही. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात, बाहेरून पथकं येतात, फॉर्म भरून घेतात आणि जातात. गावातल्या माणसाने गावासाठी केलेला अभ्यास मात्र क्वचितच सापडतो. हा लेख तशा माणसासाठी आहे: नवा ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्याचा (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी, निवृत्त गुरुजी, बचत गटांच्या 'उमेद' अभियानात गावपातळीवर काम करणारी सीआरपी ताई. यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि चिकाटी एवढं पुरतं.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो. पहिला अभ्यास अनुदानावर करू नका, घरपट्टीवर करा. वित्त आयोगाचा पैसा मोठा दिसतो, पण तो अटी घेऊनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायची. त्यातला निम्मा भाग स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याच्या पाण्याला. उरलेल्या 40 टक्क्यांतच पंचायतीला थोडी मोकळीक. स्वनिधीचं, म्हणजे ग्रामपंचायतीने स्वतः कर वगैरेंतून उभ्या केलेल्या पैशाचं, तसं नाही. कर किती बसवायचा, कोणाकडून वसूल करायचा, कोणाला सांभाळून घ्यायचं आणि आलेला पैसा कशावर घालायचा, हे सगळं गावातच ठरतं. गावाचा कारभार कसा चालतो हे खऱ्या अर्थाने तिथे दिसतं.

प्रश्न आधी, फॉर्म नंतर

उत्साही मंडळी आधी ऐंशी प्रश्नांचा गुगल फॉर्म बनवतात आणि मग त्यातून काय निघतंय ते पाहतात. त्यातून बहुधा काहीच निघत नाही. "आमच्या गावाचा विकास का झाला नाही" हा अभ्यासाचा प्रश्न नव्हे, ते गाऱ्हाणं आहे. अभ्यासाचा प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर मिळाल्यावर ग्रामसभेला काहीतरी ठरवता येईल.

उदाहरणार्थ: "2021-22 पासून चार वर्षांत घरपट्टीची मागणी आणि वसुली यांत किती तफावत आहे, ती कोणत्या वस्तीत आणि कोणत्या प्रकारच्या मिळकतींत आहे?" यात काळ ठरलेला आहे, मोजायचं काय ते ठरलेलं आहे आणि उत्तर कोणत्या वह्यांत सापडेल तेही माहीत आहे. दुसरा प्रश्न: "आपल्या गावातल्या कुटुंबांचा महिन्याचा किती खर्च गावातल्या दुकानांत होतो आणि किती तालुक्याच्या गावी जातो?" हा थोडा अवघड, त्याकडे पुढे येऊ.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. मावत नसेल तर ते दोन अभ्यास आहेत, त्यातला एक निवडा.

घरबसल्या जमवण्यासारखं

ग्रामपंचायतीची पायरी चढण्याआधी दोन-तीन संध्याकाळी मोबाइलवर किंवा संगणकावर घालवा. ईग्रामस्वराज हे पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. तिथे जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की मंजूर विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. जनगणना 2011 मधली गावनिहाय लोकसंख्या, घरसंख्या, शेतकरी-शेतमजूर संख्या उतरवून घ्या. ती जुनी आहे, पण शेजारच्या गावांशी तुलना करायला अजून तिचाच आधार आहे. महसूल खात्याच्या संकेतस्थळावरचा 8अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा; पुढे येणारा नमुना 8 वेगळा) आणि ई-पीक पाहणीच्या, म्हणजे कोणतं पीक घेतलं त्याच्या, नोंदी शेतीचा अंदाज द्यायला उपयोगी पडतात.

पोर्टलवरच्या आकड्यांवर विसंबून निष्कर्ष काढू नका. आराखड्यात काम दिसलं म्हणजे ते झालं असं होत नाही. शिवाय कामाचं नाव "गावांतर्गत रस्ता काँक्रीटीकरण" एवढंच असेल तर तो रस्ता कुठल्या गल्लीतला हे पोर्टल सांगत नाही. ही सगळी माहिती म्हणजे दप्तरात काय शोधायचं याची यादी समजा.

दप्तर: कुठल्या वहीत काय

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता 2011 प्रमाणे ग्रामपंचायतीने 1 ते 33 नमुने, म्हणजे ठरावीक रकान्यांच्या वह्या आणि तक्ते, ठेवायचे असतात. सगळे पाहायची गरज नाही. आपल्या कामाचे एवढे:

- नमुना 1: अंदाजपत्रक. वर्षात किती जमा आणि किती खर्च अपेक्षित होता.
- नमुना 3: वर्षाअखेरचा जमा-खर्च. अपेक्षेच्या तुलनेत प्रत्यक्ष काय झालं.
- नमुना 5: रोकड वही. रोजची जमा आणि रोजचा खर्च.
- नमुना 8: कर आकारणी नोंदवही. प्रत्येक मिळकत, तिचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, बसवलेला कर.
- नमुना 9: कर मागणी नोंदवही. मागील बाकी, चालू मागणी, झालेली वसुली, राहिलेली बाकी.
- नमुना 10: कर भरल्याच्या पावत्या.
- नमुना 11: किरकोळ मागणी, म्हणजे गाळ्यांचं भाडं, बाजार लिलाव वगैरे.
- नमुना 20 आणि त्याचे उपनमुने: कामाचा अंदाज, मोजमाप, देयक.
- नमुना 22, 23 आणि 24: इमारतींसारखी स्थावर मालमत्ता, रस्ते आणि जमिनी.
- नमुना 27 आणि 30: लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप आणि त्यांची पूर्तता.

शेवटचे दोन आधी वाचा, हा माझा आग्रह. लेखापरीक्षकाने कुठे बोट ठेवलंय ते कळलं की आपला वेळ वाचतो. आक्षेपांची भाषा रुक्ष असते, "प्रमाणक (म्हणजे खर्चाचं व्हाउचर) आढळून आले नाही", "मोजमाप पुस्तिका सादर केली नाही". पण तेच दोन आक्षेप चार वर्षं लागोपाठ येत असतील तर ती चूक उरत नाही, ती पद्धत झालेली असते. एकाच वर्षी एखादा कागद सापडला नाही म्हणून मात्र घोटाळ्याची आवई उठवू नका. अनेक ग्रामपंचायतींत एका माणसाकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो आणि दप्तर खरोखरच मागे पडलेलं असतं.

आता माणसं. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं 2024 मध्ये एकत्र करून "ग्रामपंचायत अधिकारी" असं नाव दिलं गेलं, पण गावात हाक अजून "भाऊसाहेब" हीच आहे. भाऊसाहेबांकडे थेट "चार वर्षांचा हिशेब द्या" म्हणून गेलात तर दार बंद होतं. "नमुना 9 वरून वसुलीचा अभ्यास करतोय, वस्तीनिहाय तक्ता तयार झाला की तुम्हालाही देतो" असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी खुर्ची मिळते. वसुली वाढणं हे त्यांच्याही कामाचं असतं. आणि वसुली करणारा लिपिक किंवा शिपाई, जो बिलं घेऊन दारोदार फिरतो, त्याच्याशी जरूर बोला. कुठलं घर सहा महिने बंद असतं, कुठल्या भावांची वाटणी रखडलीय म्हणून कोणीच पट्टी भरत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. ते कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नसतं.

दप्तर मिळालं नाही तर

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे दुसरं पाऊल ठेवा. गावात पहिल्याच दिवशी अर्ज टाकला की आपण अभ्यासक राहत नाही, विरोधी पार्टीचे होतो.

करायचाच झाला तर आधी नकला मागू नका, अभिलेख पाहण्याची मागणी करा. पहिला तास शुल्क लागत नाही, आणि नेमकी कुठली पानं हवीत ते पाहून ठरवता येतं. नकलेला पानामागे 2 रुपये पडतात. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. "सन 2021-22 ते 2024-25 या कालावधीतील नमुना 9 व नमुना 27 यांची पाहणी करून निवडक पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात" एवढं पुरेसं आहे. "का" आणि "कोणी जबाबदार" असे प्रश्न अर्जात घालू नका, या कायद्याने जे कागदावर आहे तेच मिळतं. मुदत 30 दिवसांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक त्याच्या भरवशावर आखू नका.

आकड्यांची जुळवणी: खरं काम इथे आहे

नमुना 9 वरून एक तक्ता बनवा. प्रत्येक मिळकतीला एक ओळ. रकाने: मिळकत क्रमांक, वस्ती, बांधकामाचा प्रकार, वापर, मागील बाकी, चालू मागणी, मागील बाकीपैकी वसुली, चालूपैकी वसुली. मालकाचं नाव तक्त्यात घालू नका, क्रमांक पुरतो. कारण पुढे सांगतो.

समजा एका गावात 420 मिळकती आहेत. मागील बाकी 5,10,000 रुपये, चालू मागणी 4,20,000. एकूण मागणी 9,30,000. वसुली 3,72,000. म्हणजे वसुली 40 टक्के. ग्रामसभेत हा आकडा वाचला जातो, लोक "लोक पट्टी भरतच नाहीत" म्हणतात आणि विषय संपतो. आता वसुली फोडून पाहा. चालू मागणीपैकी 2,94,000 आले, म्हणजे 70 टक्के. मागील बाकीपैकी 78,000 आले, म्हणजे जेमतेम 15 टक्के. याचा अर्थ बहुतेक लोक दरवर्षीची पट्टी भरतायत, अडलाय तो जुना ढीग. पुढे राहिलेली 5,58,000 ची बाकी मोठ्याकडून लहानाकडे लावा. समजा वरच्या अकरा मिळकतींकडेच 2,79,000, म्हणजे निम्मी बाकी निघाली. मग प्रश्न पूर्ण बदलतो. गावभर दवंडी पिटण्यापेक्षा अकरा मिळकतींचं काय झालंय ते पाहायला हवं. त्यात बंद पडलेली सहकारी संस्था असेल, मोबाइल टॉवर असेल, कोर्टात अडकलेला वाडा असेल, एखादं सरकारी कार्यालयही असेल.

हे चार वर्षांसाठी करा. मग वर्षावर्षांतले फरक बघा, आणि इथे एक गोम आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक ज्या वर्षी असते त्या वर्षी वसुली उडी मारते. कारण सोपं आहे. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस कायद्याने सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणून इच्छुक उमेदवार, त्यांचे सूचक आणि भावकी जुनी बाकी चुकती करतात. हे लक्षात न घेता "या वर्षी वसुली मोहीम यशस्वी झाली" असं लिहिलं तर निष्कर्ष फसला. तसंच घरकुलाची यादी लागली, बँकेच्या कर्जाला नमुना 8 चा उतारा लागला, की त्या महिन्यांत पावत्या वाढतात. सप्टेंबर आणि मार्चमध्येही वाढतात, कारण वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरणाऱ्याला सूट मिळते आणि 31 मार्चनंतर दंड चढतो. नमुना 10 च्या पावत्या महिन्यानुसार मोजल्या की हा आलेख आपोआप तयार होतो.

नमुना 8 कडे थोडं जास्त थांबू. 2015 च्या अखेरच्या नियम दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जमिनीचा आणि बांधकामाचा शासकीय दर, क्षेत्रफळ, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक (वापराप्रमाणे ठरलेला गुणक) यांवरून मूल्य काढायचं आणि हजारी दराने कर लावायचा. व्यापारी वापराचा भारांक निवासीपेक्षा जास्त असतो. फेरआकारणी दर चार वर्षांनी अपेक्षित आहे. म्हणून पाहा: शेवटची फेरआकारणी कधी झाली? पत्र्याचं घर पाडून दोन मजली स्लॅब पडला, नोंद अजून पत्र्याचीच आहे का? ओट्यावर किराणा आणि आत संसार असं घर पूर्ण निवासी लावलंय का? हमरस्त्यालगतचं मंगल कार्यालय, लॉज, गोदाम नोंदीत आहे का? स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि नमुना 8 वरचं क्षेत्र शेजारी ठेवा. वीस-पंचवीस मिळकती जरी ताडून पाहिल्या तरी मागणीच मुळात किती कमी लावलीय याचा अंदाज येतो. वसुलीवर सगळे बोलतात, आकारणीवर कोणी बोलत नाही, कारण आकारणीत गावातल्या वजनदार घरांचा फायदा असतो. असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते तुमच्या गावात खोटं ठरलं तर उत्तमच.

खर्चाच्या बाजूला तीन कागद एकमेकांशी भिडवायचे: रोकड वही, बँकेचं पासबुक आणि जागेवरचं काम. ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग यांची खाती वेगळी असतात, ती एकत्र मोजू नका. स्वउत्पन्नातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी करायचा असतो. हा झाला का, आणि झाला असेल तर कशावर, एवढं पाहिलं तरी एक छोटा स्वतंत्र अभ्यास होतो. दिव्यांगांच्या 5 टक्क्यांचा पैसा वर्षाअखेरीस घाईने खर्ची पडला का, हेही रोकड वहीच्या तारखा सांगतात.

रस्त्यासाठी मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा. सोबत त्या गल्लीतले दोन जण घ्या. एकट्याने मोजलेल्या मापावर नंतर वाद होतो.

घरोघरी जाताना

कागदावरून "किती" कळतं, "का" कळायला माणसांत जावं लागतं. सगळ्या घरी जायची गरज नाही. नमुना 8 ची यादी वस्तीनुसार लावा आणि ठरावीक अंतराने घरं निवडा. 420 पैकी 60 घरं हवीत तर दर सातवं घर. पहिलं घर 1 ते 7 मधून चिठ्ठी टाकून ठरवा. आपल्याला सोयीची, ओळखीची घरं घेतली की अभ्यास आपल्याच आळीचा होतो.

नमुना 8 मध्ये नसलेलीही माणसं गावात असतात. गायरानावरची घरं, वीटभट्टीवरची पालं, भाड्याने राहणारे कामगार. यांची वेगळी यादी करून त्यातून काही घरं घ्या. बीड, अहिल्यानगरच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीचा कोयता निघाला, म्हणजे मजूर जोडपी गाव सोडून गेली, की साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत निम्म्या घरांना कुलूप असतं. तिथे डिसेंबरात सर्वे केला तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचंच म्हणणं गावाचं म्हणणं ठरतं. कोकणात उलटी तऱ्हा. गणपतीत गेलात तर सगळी घरं उघडी, आणि श्रावणात गेलात तर चाकरमान्यांच्या घरांना कडी. सर्वेचा महिना अहवालात ठळक लिहा.

प्रश्न विचारताना सरळ "घरपट्टी का भरत नाही?" असं विचारलं तर माणूस आकसतो. "मागच्या वर्षी पट्टीचं बिल कधी मिळालं? कोणी आणून दिलं?" इथून सुरू करा. अनेकदा बिलच वेळेवर मिळालेलं नसतं. मग "पट्टीच्या बदल्यात ग्रामपंचायतीकडून काय मिळतं असं वाटतं?" हा मोकळा प्रश्न. इथे उत्तरं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. "नळाला आठ दिवसांनी पाणी, पट्टी कशाची भरू" आणि "सरपंचाच्या भावानेच भरली नाही, मी का भरू" ही दोन कारणं वेगळी आहेत आणि दोहोंवरचे उपायही वेगळे. "इतर" या रकान्यात दोन्ही टाकली तर हाती काही उरत नाही.

बायकांशी वेगळं बोला, शक्यतो बाईनेच. पाण्याचा हंडा कोण भरतं आणि पाणीपट्टीबद्दल मत कोण देतं, या दोन गोष्टी आपल्याकडे एका माणसाच्या नसतात. बचत गटाच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागून घेतला तर सोपं जातं.

गावात येणारा पैसा, गावाबाहेर जाणारा पैसा

ग्रामपंचायतीच्या पलीकडे गावाचं अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर हा दुसरा अभ्यास. तो पहिल्यासोबत करू नका, सहा महिन्यांनी करा.

येणाऱ्या बाजूला काय काय असतं? डेअरीचा दहा दिवसांचा पगार, उसाचं बिल, कांदा-सोयाबीन विकल्याचे पैसे, मजुरी, एमआयडीसीतल्या पोरांचा पगार, मुंबई-पुण्याहून येणारी मनिऑर्डर, जी आता फोनवर येते. सरकारकडून पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि नमो शेतकरीचे तेवढेच, जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे महिना 1,500, निराधारचं अनुदान. डेअरी आणि विकास सोसायटी एकूण आकडा सहसा देतात, कारण त्यात कोणाचं नाव येत नाही.

जाणाऱ्या बाजूसाठी वीस-पंचवीस कुटुंबांना एक साधी वही द्या आणि महिनाभर खर्च लिहायला सांगा. किती रुपये, कशावर, कुठे. "कुठे" हा रकाना सगळ्यात मोलाचा. वही घरातल्या शाळकरी मुलीकडे दिली तर नियमित भरली जाते. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की खत, औषधं, क्लासची फी, दवाखाना, कपडे, मायक्रोफायनान्सचे हप्ते यांतलं काय गावाबाहेर जातं ते दिसतं. सगळंच थांबवता येत नाही, थांबवूही नये. हृदयाचं ऑपरेशन गावात होणार नाही. पण पीठ, मसाला, शिवणकाम, पशुखाद्य, मोटार रिवाइंडिंग यांसाठी लोक पंधरा किलोमीटर जात असतील तर तिथे बचत गटाला किंवा एखाद्या तरुणाला काम आहे. तेही लगेच ठरवू नका. महिन्याला किती घरं, किती रुपये, आणि गावात सोय झाली तर किती जण खरंच येतील, याचा हिशेब मांडा. गावात तीन पिठाच्या गिरण्या असताना चौथीला अनुदान मिळालं आणि चारही अर्धा दिवस बंद, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं.

तुलना कोणाशी

हिवरे बाजार, राळेगणसिद्धी आणि पाटोदा या तीन नावांशिवाय आपल्याकडे ग्रामविकासाचं भाषण पूर्ण होत नाही. अभ्यासात त्यांचं नाव घ्यायचं असेल तर नीट घ्या. पाटोद्याने कर भरणाऱ्यांना मोफत दळण देऊन वसुली वाढवली हे खरं, पण ते गाव वाळूज औद्योगिक वसाहतीजवळ आहे हेही लिहा. करपात्र मिळकती आणि लोकांच्या हातातलं रोख उत्पन्न यांचा हिशेब तिथे वेगळा पडतो. हिवरे बाजारकडून उचलण्यासारखं म्हणाल तर पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणं आणि त्यावरून पिकं ठरवणं. ही सवय कुठल्याही गावाला लावता येते.

रोजच्या तुलनेसाठी मात्र आपल्याच तालुक्यातली तीन गावं निवडा: लोकसंख्या जवळपास सारखी, हमरस्त्यापासूनचं अंतर सारखं, पाण्याची सोय सारखी. मग दरडोई स्वउत्पन्न आणि चालू वसुलीची टक्केवारी हे दोनच आकडे शेजारी ठेवा. पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे तालुक्याचा वसुलीचा गोषवारा असतो, तो मागा.

लिहिणं

अहवाल आठ ते दहा पानांचा पुरे. पहिल्या पानावर प्रश्न आणि उत्तर. प्रत्येक तक्त्याखाली कुठल्या नमुन्यातून, कुठल्या तारखेला उतरवलं ते लिहा. हे कंटाळवाणं वाटतं, पण तारीख नसलेला आकडा दहा वर्षांनी कोणाच्याच कामाचा राहत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास करून तो 1917 मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती आणि कर्ज किती, असं सगळं त्यात होतं. आज तिथे टोलेजंग सोसायट्या आहेत आणि गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलंय. पण शंभर वर्षांपूर्वी तिथली शेती कशी होती ते आजही सांगता येतं.

थकबाकीदारांची नावं अहवालात घालू नका. नमुना 9 सार्वजनिक आहे, कोणीही पाहू शकतो, हे मान्य. पण तुमच्या अहवालात नावं आली की त्याच दिवशी तो एका गटाचं हत्यार होतो आणि दुसरा गट आकडे वाचायचं सोडून तुमची भावकी मोजायला लागतो. वस्ती आणि मिळकतीचा प्रकार एवढ्यावर थांबा. त्यातही एखाद्या वस्तीत चारच घरं असतील तर ती शेजारच्या वस्तीत मिळवा, नाहीतर नाव न लिहिताही ओळख पटते.

ग्रामसभेत मांडताना

वर्तमानपत्राच्या तालुका प्रतिनिधीला आधी आणि ग्रामसभेला नंतर, असं करू नका. आधी भाऊसाहेब आणि सरपंचांना प्रत द्या, आकड्यात चूक असेल तर दुरुस्त करायला आठवडा द्या. मग विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी पत्र द्या, पोच घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. 15 ऑगस्टच्या सभेला गर्दी असते पण विषयांची यादीही लांबलचक असते. तुमचा विषय सत्काराच्या आधी यावा, एवढं सरपंचांकडून कबूल करून घ्या. महिला सभा आधी होते, तिथेही मांडा. पाण्याचा मुद्दा तिथूनच जोरात पुढे येतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची पद्धत इथे कामाची आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत ते पहिल्यांपैकी. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यास गट चालत. जंगल, कायदा, हिशेब अशा एकेका विषयावर हवे ते लोक बसून माहिती काढत, बाहेरच्या जाणकारांना बोलावत, आणि निर्णय मात्र ग्रामसभा घेई, तोही सहमतीने. अभ्यास गटाने निर्णय घ्यायचा नाही, हा त्यातला नियम आपल्यालाही लागू आहे. तुम्ही तीन पर्याय मांडा: उदाहरणार्थ, जुन्या बाकीसाठी हप्ते बांधून देणं, फेरआकारणीसाठी समिती, किंवा बिलं एप्रिलमध्येच घरपोच करण्याची जबाबदारी ठरवणं. प्रत्येकाचा खर्च आणि अपेक्षित उत्पन्न समोर लिहा आणि खाली बसा.

ठराव झाला तर त्याची प्रत मागून घ्या. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत तयार होतं, तेव्हा ठरावातली तरतूद त्यात आली का ते नमुना 1 मध्ये पाहा. मग एप्रिलमध्ये नमुना 9 पुन्हा उघडा आणि त्याच रकान्यांत पाचव्या वर्षाचे आकडे भरा.